स्थानिक किंमत, हातचा आणि चार क्रिया: पालक-शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

पहिली ते पाचवीच्या गणिताबद्दल नागपुरातले पालक आणि प्राथमिकचे शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न शाळेच्या फाटकाशी गाडी चालू ठेवूनच विचारलेले असतात, त्यांना उत्तरही तेवढंच दिलं आहे. काहींना जागा लागली. उत्तरं मराठी माध्यम धरून लिहिली आहेत. इंग्रजी आणि हिंदी माध्यमाच्या मुलांचं जिथे वेगळं पडतं, तिथे तसं सांगितलं आहे.

स्थानिक किंमत आणि दर्शनी किंमत यांत फरक काय?

अंक दहाच, ० ते ९. तेवढ्यांत वाटेल तेवढी मोठी संख्या लिहिता येते, कारण अंकाची किंमत तो कुठल्या घरात बसला आहे यावर ठरते. ५५५ मध्ये तिन्ही अंक दिसायला पाच, ही दर्शनी किंमत. स्थानिक किंमत पाहिली तर ५००, ५० आणि ५. डावीकडचं प्रत्येक घर उजवीकडच्या घराच्या दहापट.

एवढं चौथीतलं मूल धडाधडा सांगतं. त्यालाच विचारा, "३४७ रुपयांत दहाच्या नोटा जास्तीत जास्त किती येतील?" पुष्कळ मुलं 'चार' म्हणतात, कारण दशकाच्या घरात ४ दिसतो. येतात चौतीस. प्रत्येक शतकाच्या पोटात दहा दशक आहेत, हे त्या मुलाला कोणी दाखवलेलं नसतं. व्याख्या येते की नाही हे बघण्यापेक्षा हा एक प्रश्न विचारून पाहा.

आमच्याकडे शंभरपर्यंत म्हणता येतं, लिहिताही येतं. मग दशक-एकक वेगळं कशाला?

म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मुलासमोर ४२ काड्या टाका आणि मोजायला सांगा. तो एकेक करून बेचाळीसपर्यंत जाईल. आता विचारा, "दहा-दहाचे गठ्ठे केले तर किती होतील, किती उरतील?" ज्याला समजलं आहे तो लगेच 'चार गठ्ठे, दोन सुट्या' म्हणतो. ज्याला नाही तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसतो. त्याच्या दृष्टीने ४२ हा एक शिक्का आहे, त्यातल्या ४ चा चाळीस काड्यांशी काही संबंध नाही. असं मूल पुढे हातच्यात अडकतं, आणि आपण म्हणतो त्याचं लक्ष नसतं.

घरी कोणतं साहित्य वापरावं? शाळेत गणित पेटी आहे, पण ती कपाटात असते.

खराट्याच्या काड्या आणि रबरबँड. यापेक्षा चांगलं साहित्य माझ्या पाहण्यात नाही. काड्या साधारण बोटाएवढ्या तोडून घ्या, दीडशेच्या आसपास. दहा मोजून गठ्ठा बांधायचा, आणि तो मुलानेच बांधायचा. तुम्ही बांधून दिलात तर मुलासाठी ती एक जाड काडी झाली, दहा नव्हेत. दहा गठ्ठे झाले की ते एकत्र बांधून शंभराचा जुडगा. तो जुडगा हातात धरायला लावा. शंभर केवढे असतात हे हाताला कळू द्या.

चिंचोकेही चालतात, पण ते बांधता येत नाहीत, दहा-दहाच्या पुड्या कराव्या लागतात. शंभर मण्यांची माळ (दहा लाल, दहा पांढरे अशी) मोजण्याला छान, सुटं करण्याला नाही.

नोटा-नाणी जरा थांबून द्या. दहाची नोट एक रुपयाच्या नाण्याच्या दहापट मोठी दिसत नाही, ती दहा आहे हे मान्य करावं लागतं. काड्यांच्या गठ्ठ्यात दहा काड्या डोळ्यांना दिसतात. म्हणून आधी काड्या, मग नोटा, मग वहीतले रकाने. फळांचा खेळ करायचा असेल तर एक पथ्य पाळा. आपल्याकडे कॉटन मार्केटला संत्री डझनाने मागायची सवय आहे. इथे गठ्ठा दहाचाच हवा, बाराचा नको.

माझी मुलगी 'सदुसष्ट' ऐकून ७६ लिहिते. काही अडचण तर नाही ना?

पहिली-दुसरीत ही चूक अगदी नेहमीची आहे, आणि तिचं मूळ मुलीत नसून आपल्या संख्यानामांत आहे. 'सदुसष्ट' म्हणताना सात आधी कानावर पडतो, साठ नंतर. लिहायचा मात्र साठाचा सहा आधी. ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं की झाले ७६. 'एकोण' तर त्याहून अवघड. 'एकोणसाठ' मध्ये ऐकू येतं साठ, लिहायचे असतात पन्नास आणि नऊ. मूल साठ ऐकून ६ लिहितं, 'एकोण' आलं की शेवटी नऊ असतो एवढं त्याला ठाऊक असतं, आणि होतात ६९. एवढ्या मुश्किलीने एकोण समजावा, तर ९९ ला तो गायब. तिथे नव्व्याण्णव.

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. इंग्रजी माध्यमातलं पोट्टं किराणा दुकानात 'पंचेचाळीस' ऐकून आईकडे बघतं, आई 'फॉर्टी फाइव्ह' म्हणते, मग ते पैसे देतं. हिंदीतलं 'उनसठ' आणि मराठीतलं 'एकोणसाठ' एकाच घडणीचं आहे, त्यामुळे हिंदी माध्यमात ही अडचण संपते असं नाही. इंग्रजीत वीसच्या पुढे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच राहतो, पण थर्टीन-थर्टीची गफलत तिथे असतेच. चिनी आणि जपानी भाषांत अकराला सरळ 'दहा-एक' असंच म्हणतात. त्या मुलांचा हा सगळा त्रास वाचतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ सात' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वाद विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की मुलांना संख्या समजणं सोपं जावं यासाठी हे आहे. मराठी बुडाली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. 'सदुसष्ट' सोडून द्यावं असंही मला वाटत नाही, कारण बाजारात, रेल्वेच्या घोषणेत, आजीच्या बोलण्यात तेच आहे. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवा. गठ्ठे उचलताना 'साठ आणि सात', आणि मग 'म्हणजे सदुसष्ट'.

घरी करायला एक गोष्ट: तुम्ही संख्या सांगा, मुलीने आधी गठ्ठे नि सुट्या काड्या उचलाव्यात, आणि त्यानंतरच पेन्सिल हातात घ्यावी. सहा गठ्ठे समोर असताना ७६ लिहिणं अवघड जातं.

तिसरीनंतरही हे सुरूच असेल, आणि सोबत अक्षरांची उलटापालट, वेळ सांगता न येणं, साध्या बेरजेतही बोटांवरून हलता न येणं असं असेल, तर शाळेशी बोला आणि तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेली बाब आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

'सातशे एक' सांगितलं की मुलगा ७००१ लिहितो.

ऐकतो तसं लिहितो: सातशे म्हणजे ७००, त्याच्यापुढे एक. चुकीत तर्क आहे, म्हणून रागावून उपयोग नाही. यावर एकावर एक ठेवायची कार्डं हा हमखास उपाय आहे, आणि ती जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर होतात.

तीन रुंदीची कार्डं कापा. सगळ्यांत रुंद कार्डांवर १००, २०० ते ९००. त्याच्या दोन तृतीयांश रुंदीच्या कार्डांवर १०, २० ते ९०. एक तृतीयांश रुंदीच्यांवर १ ते ९. अंक सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर काढा, नाहीतर खेळ जमत नाही. आता ७०० चं कार्ड खाली ठेवा आणि १ चं कार्ड त्याच्यावर, उजवी कड जुळवून. एककाच्या शून्यावर एक बसतो आणि दिसतं ७०१. वरचं कार्ड उचललं की खाली सातशे तसेच शाबूत. ७०० लपले आहेत, गेले नाहीत, हे मुलाला पाहायला मिळतं. विस्तारित रूप म्हणून पुस्तकात जे येतं ते हेच.

७०१ मी मुद्दाम घेतला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे, आणि या शहरातल्या बऱ्याच मुलांनी तो आकडा ऐकलेला असतो. ७१ लिहिलं तर गाडी वर्ध्याच्या आसपासच संपते आणि ७००१ लिहिलं तर देशाबाहेर जाते, हे मुलांना फार आवडतं.

'शून्याला काही किंमत नाही' असं सांगितलं तर चालतं का?

नका सांगू. ७०१ मधलं शून्य 'सुटा दशक एकही नाही' ही माहिती देतं आणि सातला शतकाच्या घरात टिकवून ठेवतं. झिरो माईलच्या खांबाजवळचं शून्य वेगळ्या कामाचं, तिथून मोजायला सुरुवात होते. मुलांना दोन्ही दाखवा.

जाता जाता एक गंमत. नागपूरच्या पिनकोडमध्ये, समजा ४४००१० मध्ये, स्थानिक किंमत नसतेच. तो 'चार लाख चाळीस हजार दहा' असा कोणी वाचत नाही. मोबाईल नंबरचंही तेच. आकडे दिसले म्हणजे ती संख्या असतेच असं नाही, ही चर्चा पाचवीच्या वर्गात मस्त रंगते.

हातचा कसा समजावून सांगू? ४८ + ३७ चं उत्तर ७१५ येतं.

४ आणि ३ सात, ८ आणि ७ पंधरा, दोन्ही शेजारी लिहिले. बेरीज बरोबर आहे, पण एककाच्या घरात पंधरा कोंबले.

काड्या घ्या. चार गठ्ठे आठ सुट्या, तीन गठ्ठे सात सुट्या. सुट्या एकत्र केल्या, पंधरा झाल्या. मुलाला विचारा, "गठ्ठा होतो का?" होतो. दहा काड्यांना रबर लावलं, तो गठ्ठा उचलून गठ्ठ्यांच्या बाजूला नेला. पाच सुट्या राहिल्या. गठ्ठे आता आठ. ८५. हे झालं की लगेच वहीत तेच लिहायचं: एककाखाली ५, दशकाच्या डोक्यावर १. तो १ लिहिताना मुलाने तोंडाने 'एक दशक' म्हणायचं. 'हातचा एक' म्हणायला माझी ना नाही, शब्द चांगला आहे, पण पहिले काही दिवस 'हातचा एक दशक' म्हणा.

इथे माझं एक ठाम मत आहे. आपल्या शाळा उभ्या मांडणीला फार लवकर हात घालतात. उभी मांडणी केली की मूल ४८ कडे बघतच नाही, ४ आणि ८ कडे बघतं. दोन स्वतंत्र बेरजा करतं आणि मोकळं होतं. त्याआधी काही आठवडे आडव्या मांडणीत, तोंडी, 'चाळीस आणि तीस सत्तर, आठ आणि सात पंधरा, सत्तर आणि पंधरा पंच्याऐंशी' असं होऊ द्या. तोंडी हिशेब डावीकडून, मोठ्या घराकडून होतो. लेखी उजवीकडून, कारण हातचा डावीकडे सरकतो. दोन्ही बरोबर. एक आलं म्हणून दुसरं पुसू नका.

५२ − २७ = ३५ असं का येतं?

दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले. याला बऱ्याच वेळा आपणच कारणीभूत असतो. पहिलीत 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं' असं घोटून घेतलेलं असतं. ते संख्येबद्दल होतं, मूल ते प्रत्येक अंकाला लावतं.

गठ्ठ्यांनी करा. पाच गठ्ठे, दोन सुट्या. सत्तावीस द्यायच्या आहेत. सुट्या दोनच आहेत, तर एका गठ्ठ्याचं रबर काढा. चार गठ्ठे, बारा सुट्या. एकूण काड्या वाढल्या का? नाही, ५२ च आहेत. हा प्रश्न विचारायला विसरू नका, बहुतेक ठिकाणी हाच गाळला जातो. आता सात काढल्या पाच उरल्या, दोन गठ्ठे काढले दोन उरले. २५.

५०३ − १६८? मध्ये शून्य आलं की वर्गच्या वर्ग बसतो.

एककाला दशकाकडून मागायचं, तर दशकाकडे काही नाही. मुलं मग शतकातून थेट एककात दहा आणतात, शतक एकदम दहावर उतरतं आणि नव्वद हरवतात.

वहीत सरळ असं लिहायला लावा:
५ शतक ० दशक ३ एकक
४ शतक १० दशक ३ एकक
४ शतक ९ दशक १३ एकक
आता वजा करा. ३ शतक ३ दशक ५ एकक, म्हणजे ३३५.

मधली ओळ कितीही कंटाळवाणी वाटली तरी पहिल्या आठवड्यात गाळू नका. जरा सरावलेल्या मुलांना दुसरी वाट दाखवा: ५०३ म्हणजे ५० दशक आणि ३ एकक. एक दशक सुटा केला, ४९ दशक आणि १३ एकक. एका दमात काम झालं. सुरुवातीचा ३४७ मधल्या दहाच्या नोटांचा प्रश्न ज्याला सुटला, त्याला हे लगेच जमतं.

तिसरी वाट दुकानदाराची. १६८ पासून वर चढत जा. दोन दिले की १७०, तीस दिले की २००, आणखी ३०३ दिले की ५०३. झाले ३३५. इतवारीतला दुकानदार सुटे परत देताना हातचा घेत बसत नाही.

आजोबा वेगळीच वजाबाकी शिकवतात. मुलगा गोंधळतो. कोणाचं ऐकावं?

आजोबांची रीत अशी असते: ६२ मधून २७. "दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले पाच. हातचा एक. दोन नि एक तीन. सहातून तीन गेले तीन. पस्तीस." शाळेत सहाचे पाच होतात, आजोबांकडे खालच्या दोनाचे तीन होतात.

दोन्ही बरोबर आहेत, पण तर्क वेगळा आहे. शाळेच्या रीतीत ६२ तेच राहतात, फक्त एक दशक सुटा होतो. आजोबांच्या रीतीत वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले आणि खालच्या संख्येतही एक दशक, म्हणजे दहाच, मिळवले. दोन्हीकडे सारखंच वाढवलं की फरक तोच राहतो. बाप-लेकाच्या वयातलं अंतर दहा वर्षांनीही तेवढंच असतं, तसं.

दुसरी-तिसरीत एकच रीत पक्की होऊ द्या, आणि ती शाळेची, कारण ती काड्यांनी करून दाखवता येते. आजोबांना हे असंच सांगा, ते समजून घेतात. चौथीत मुलाला आजोबांसमोर बसवा आणि 'हा हातचा कुठून आला?' हे त्यालाच शोधू द्या. गणिताचा याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

पाढे पाठ करावेत की समजून घ्यावेत?

दोन्ही. आधी समजून, मग पाठ. दहापर्यंतचे पाढे तोंडावर नसतील तर भागाकारात मुलाचा जीव जातो. पण 'सात साते?' विचारल्यावर मूल 'सात एके सात' पासून सुरू करत असेल तर पाढा चालीला पाठ आहे, संख्येला नाही. मधूनच विचारा. आणि 'सात आठे छप्पन्न, मग सात नव्वे किती, पाढा न म्हणता?' असंही विचारा. सात मिळवले की झालं.

बाराच्या पाढ्याला स्थानिक किंमत कामाला येते. बारा सक बहात्तर, कारण दहा सक साठ आणि बे सक बारा.

दोन अंकी गुणाकारात दुसऱ्या ओळीत फुली का मारतात?

२३ × १४ करताना पहिली ओळ ९२, दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली मारून २३. मुलाला विचारलं 'फुली कशाला?' तर 'सरांनी सांगितलं म्हणून'. फुली विसरली की ९२ + २३ = ११५. आणि ११५ कमी वाटतात हेही लक्षात येत नाही.

फुलीऐवजी शून्य लिहा. दुसरी ओळ २३ × १ नाही, २३ × १० आहे, म्हणून २३०. मग ९२ + २३० = ३२२. सुरुवातीला चार खणांची चौकट काढली तर उत्तम. वर २० आणि ३, बाजूला १० आणि ४, खणांत २००, ३०, ८०, १२. बेरीज ३२२. अंदाज आधीच घ्यायचा: वीस दाहे दोनशे, म्हणजे उत्तर दोनशेच्या वरच हवं. ११५ तिथेच पकडलं जातं.

दहाने गुणताना 'शून्य लावा' शिकवू का?

'प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो, रिकाम्या घरात शून्य येतं' असं शिकवा. नुसतं 'शून्य लावा' हे दशांश अपूर्णांक आले की फसतं. २.५ ला शून्य लावलं तर २.५० होतात आणि किंमत तीच राहते.

भागाकार डावीकडून का? बाकी तीन क्रिया तर उजवीकडून.

कारण वाटताना मोठ्या नोटा आधी वाटतात, ज्या वाटता आल्या नाहीत त्या मोडतात. ६१८ रुपये सहा जणांत वाटायचे. शंभराच्या सहा नोटा, प्रत्येकाला एक. दहाची एक नोट, सहा जणांत जात नाही, म्हणजे प्रत्येकाला दहाच्या नोटा शून्य. ती मोडली, सुटे झाले अठरा. प्रत्येकाला तीन. उत्तर १०३.

मुलांचं उत्तर १३ येतं. 'एक जात नाही, पुढचा अंक खाली घ्या' हे ऐकून ते पुढे जातात आणि वर शून्य लिहायचं राहतं. वहीत भागाकाराच्या वर शतक, दशक, एकक असे रकाने आखून द्या, रिकामा रकाना टोचत राहतो. सहाशेला सहाने भागलं तर शंभर, हा अंदाज आधी लिहून ठेवला तर मूल १३ स्वतःच खोडतं.

शाब्दिक उदाहरणात 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, असं सांगितलं तर?

दोन दिवस चालेल, तिसऱ्या दिवशी फसेल. 'रियाकडे काही मणी होते, १२ दिल्यावर ३० उरले, आधी किती होते?' यात 'उरले' आहे आणि करायची बेरीज. मुलाला चित्र काढू द्या, निदान गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू द्या.

बाकीचंही असंच आहे. महाराजबागेच्या सहलीला ४७ मुलं निघाली, एका ऑटोत ६ बसतात, तर ऑटो किती? ४७ ला ६ ने भागलं, ७ आले, बाकी ५. उत्तर ८. ज्याने 'सात, बाकी पाच' लिहिलं त्याचा भागाकार बरोबर आहे, पण पाच मुलं फाटकापाशी उभी आहेत.

अबॅकसचा क्लास लावावा का?

मुलाला आवडत असेल तर लावा. मण्यांच्या दांड्या म्हणजे घरंच आहेत, त्यामुळे एकक-दशकाची बैठक होते. वेग वाढतो हेही खरं. पण वेगाने उत्तर देणारं मूल '३४७ मध्ये दशक किती' याला अडखळताना मी पाहिलं आहे. क्लासच्या फीमध्ये समज आपोआप येत नाही. वर्गातली रीत अजून डळमळीत असताना झटपट युक्त्यांची भर घालू नका.

कोणत्या इयत्तेत किती यायला हवं?

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं ढोबळ मोजपट्टी म्हणून धरा: पहिलीअखेर ९९ पर्यंत संख्या वाचणं-लिहिणं आणि साध्या बेरजा-वजाबाक्या, दुसरीअखेर ९९९ पर्यंत, तिसरीअखेर ९९९९ पर्यंत आणि साधे गुणाकार. शेजारच्या मुलाला लाखापर्यंत वाचता येतं याचं दडपण घेऊ नका.

लाख की मिलियन?

मराठी माध्यमात लाख, कोटी. इंग्रजी माध्यमात पुढे दोन्ही येतात. गोंधळ स्वल्पविरामात असतो. आपल्याकडे उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. चोवीस लाख पाच हजार सहाशे पासष्ट. फळ्यावर लिहायला सांगा, निम्मा वर्ग २४,५,६६५ लिहील. दशहजारच्या घरातलं शून्य ऐकू येत नाही, तिथे जागा राखावीच लागते. याच संख्येवर परीक्षेचा तो लाडका प्रश्नही विचारता येतो: दोन पाचांच्या स्थानिक किमतींतला फरक किती? ५००० − ५ = ४९९५. दोन सहांचा ५४०.

मराठी आणि इंग्रजी अंकांत गोंधळ होतो.

होणारच. मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी एक घाईत लिहिला की इंग्रजी नऊ वाटतो. एका वहीत एकाच लिपीचे अंक, आणि चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच अंक. घरं सरळ राहिली की निम्म्या चुका आपोआप कमी होतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करून घ्यावं?

विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे सुट्टी लांबते आणि हातचा विसरतो. दुपारी बाहेर जाता येतच नाही, तर पत्त्यांतून एक्का ते नव्वीचे पत्ते काढा. प्रत्येकाने तीन पत्ते ओढायचे, एकेक ओढल्याबरोबर तो शतक, दशक की एककात ठेवायचा ते ठरवायचं, नंतर बदलायचं नाही. मोठी संख्या ज्याची, तो जिंकला. मग दोघांच्या संख्यांतला फरक हरलेल्याने काढायचा. अठ्ठी एककात टाकून बसलेलं मूल पुढच्या डावात टाकत नाही. भाजी आणायला नेलं तर बिलाची बेरीज आधी अंदाजाने, मग नेमकी. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे हे शब्द आकड्यांत लिहायला लावा, शाळेत ते फारसे येत नाहीत आणि बाजारात रोज लागतात. चौथीच्या पुढच्यांना शून्य असलेल्या संख्या जास्त द्या: ६००४, ७०१०, ९०९०, आणि त्यांतून ७८ वजा करायला सांगा.